माळाचें बीं आणि बाजाराचें बीं

कांहीं शब्द सरकारी दप्तरांत एकदां शिरले म्हणजे लोकांच्या डोळ्यांवर झांपड घालतात. 'पडीक' हा त्यांपैकींच एक शब्द होय. ज्या जमिनींत नांगर चालत नाहीं, जिचा सारा येत नाहीं आणि जिच्यावर मोठीं झाडें उभीं नाहींत, ती जमीन पडीक, असा महसुली न्याय इंग्रजी अमदानींत रूढ झाला. आणि स्वराज्य येऊन पाऊणशें वर्षें लोटलीं तरी त्याला कोणीं मनापासून धक्का लावलेला नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव, कळमनुरी व औंढा या बाजूंचे डोंगरमाळ या एका शब्दानें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच कीं, वर्षांतील आठ महिने ते करडे दिसतात. आणि उरलेल्या चार महिन्यांत ते कसे दिसतात, हें पाहावयास त्यांच्यावर निकाल देणारा मनुष्य कधीं जात नाहीं.

या लेखांत आम्ही त्या माळांची वकिली करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: डोंगरमाळावरील रानफुलें ही मुद्दाम बियांपासून वाढवावी अशी संपत्ति आहे, पण तें बीं त्याच माळाचें असलें पाहिजे. बाजारांतून येणारें 'रानफुलांचें मिश्रण', शाळाशाळांतून वळले जाणारे बीजगोळे, आणि मृग निघाला कीं माळावर खणले जाणारे खड्डे, या तीनही गोष्टी सेवेच्या नांवानें होत असल्या तरी त्यांनीं माळाची सेवा होत नाहीं, विटंबना होते. हें मत पुष्कळांस कडू लागेल. पण ज्या चुकीला पुण्याचें वस्त्र नेसविलेलें असतें, ती चूक गोड शब्दांनीं सुटत नाहीं, असा अनुभव आहे.

प्रथम माळ म्हणजे काय, तें पाहूं. हिंगोलीचा डोंगर म्हणजे सह्याद्रीचें शिखर नव्हे, हें आम्ही जाणून आहों. अजिंठ्याच्या रांगेचे जे फांटे पूर्वेकडे पसरत येतात, त्यांच्या उतारांवर व सपाट माथ्यांवर काळ्या खडकाचा मुरूम आहे. त्यावर मातीचा थर कोठें वीतभर, कोठें चार बोटें. पाऊस सरासरीनें ८०० ते ९०० मिलिमीटर. तोही चार महिन्यांत पडतो आणि मधूनच दोन-दोन, तीन-तीन आठवडे दडी मारतो. अशा भूमींत ओढ्याकांठीं पळस, धावडा, साग उभे राहतात. उघड्या माथ्यावर मात्र राज्य गवताचें. पवना, शेडा, मारवेल, कुसळी यांच्या मुळ्यांनीं तो मुरूम जागच्या जागीं बांधून ठेवलेला असतो. आणि या गवताच्या पोटांत फुलांचें एक पंचांगच दडलेलें असतें. पहिल्या सरींबरोबर मुसळीचे पांढरे तुरे वर येतात. श्रावणांत विष्णुकांतेचे निळे ठिपके जमिनीला चिकटून उमलतात. कळलावी आपल्या पानांच्या टोंकांनीं शेजारच्या काटेरी झुडपाचा आधार घेऊन वर चढते आणि तांबड्या-पिंवळ्या पाकळ्या मागें उलटवून ज्योतीसारखी उभी राहते. भाद्रपदांत ओलसर उतारावर तेरडा, माथ्यावर तुंबा आणि सहदेवी. आश्विनांत कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि तरवडाचें सोनें. दसऱ्यानंतर गवत पिकतें, बीं झडतें, आणि माळ पुन्हा 'पडीक' होतो!

हें वैभव अनोळखी राहण्यास इतिहासही थोडा कारण झाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. महाराष्ट्रांतील अभ्यासक आजही तो उघडतात. परंतु तो ग्रंथ इलाख्याचा होता, आणि हिंगोली होती निजामाच्या राज्यांत. येथें १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिच्या दप्तरांत घोड्यांची व तोफांची मोजदाद असेल, फुलांची असण्याचें कारण नव्हतें. राज्याची सीमा फुलाला कळत नाहीं, पण ग्रंथकाराला ती पाळावी लागते. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनीं सिद्ध केला तो १९९८ मध्यें, म्हणजे कुक यांच्यानंतर नव्वद वर्षांनीं. आणि परभणीपासून निराळा होऊन हिंगोली जिल्हा जन्माला आला तो त्याच्या पुढच्याच वर्षीं, १ मे १९९९ रोजीं. जिल्ह्याला जिल्हाधिकारी मिळाला, कचेऱ्या मिळाल्या; आपल्या माळावर काय फुलतें याची ओळख मात्र अद्याप सुशिक्षित घरांत पोंचलेली नाहीं.

या अज्ञानांत आमच्या शिक्षणाचा वांटा मोठा आहे. इंग्रजी कवितेंतील डॅफोडिलवर दोन पानें टिपण लिहिणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकाजवळ उमललेल्या विष्णुकांतेवर पाय देऊन वर्गांत येतो. डॅफोडिल त्यानें पाहिलेलें नाहीं, आणि विष्णुकांता त्याला दिसत नाहीं. त्याची आजी कदाचित् लिहिण्यावाचण्यास शिकलेली नसेल. पण श्रावणांत जिवतीसाठीं आघाडा कोणत्या बांधावर मिळेल, नवरात्रांत घटाच्या माळेसाठीं तरवड कोठें फुलला असेल, केना व कुर्डू यांची भाजी केव्हां कोंवळी असते, हें तिला ठाऊक असतें. मोल्सवर्थच्या कोशांत (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) अशा रानच्या वनस्पतींचीं शेंकडों नांवें आहेत. तीं त्यानें आपल्या मनानें रचलीं नाहींत, लोकांच्या तोंडून टिपलीं. त्या नांवांचा धनी असलेला समाज आज दुकानांतील पाकिटावर छापलेलें नांव वाचून फूल ओळखतो, याला प्रगति म्हणावें काय? आमच्या ललित वाङ्मयानेंही मोगरा, जाई, चाफा यांच्यापलीकडे फारसें पाऊल टाकलें नाहीं. दुर्गा भागवतांचें 'ऋतुचक्र' १९५६ मध्यें प्रसिद्ध झालें. तो मार्ग त्यांनीं दाखविला, पण त्या मार्गानें जाणारे थोडे.

आतां खड्ड्यांकडे वळूं. झाडाचे आम्ही वैरी नाहीं. ज्या गांवांत वडाची सांवली नाहीं, तें गांव आम्हांसही उदास वाटतें. परंतु झाड जेथें तेथें, जसें तसें व जेवढें तेवढें लावणें म्हणजेच सृष्टीची सेवा, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत महाराष्ट्र सरकारनें अनुक्रमें २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्षलागवडीचीं उद्दिष्टें जाहीर केलीं. एवढीं रोपें लावावयाचीं कोठें? पिकाऊ शेत कोणी देत नाहीं, गांवठाणांत जागा नाहीं. मग दृष्टि वळते गायरानाकडे व माळाकडे, कारण तो बिचारा 'पडीक'! चार बोटें मातीच्या खालचा मुरूम फोडून खड्डा केला म्हणजे शेंकडों वर्षांची गवताची वीण उसवते. रोप पहिल्या उन्हाळ्यांत वाळलें, तर त्या उकरलेल्या मातींत गाजरगवत घर करतें. रोप जगलें, तर त्याच्या सांवलींत ऊन मागणारीं फुलें मरतात. दोन्हींकडून माळाचाच घात. आणि रोपें तरी कोणतीं? या लागवडींत ज्याला सढळ हातानें स्थान मिळतें, त्या ग्लिरिसिडियाला आमच्या शेतकी वाङ्मयानें 'गिरिपुष्प' असें गोंडस नांव दिलें आहे. तें झाड मध्य अमेरिकेंतलें. शेताच्या बांधावर हिरव्या खतासाठीं तें उपयोगी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण आमच्या गिरींचीं खरीं पुष्पें निनांवी राहावींत आणि गिरिपुष्प ही पदवी परदेशच्या झाडास मिळावी, यापेक्षां बोलका उपहास दुसरा कोणता?

कोणी म्हणेल, झाड हवेंतील कार्बन शोषून घेतें, गवत काय करणार? याचें उत्तर सोपें आहे. झाडाचा ठेवा पुष्कळसा जमिनीच्या वर असतो. तो तोडला अथवा जळाला कीं गेला. माळाचा ठेवा मुख्यतः मातींत व मुळ्यांत असतो. वरचें गवत कापलें, चरलें, वा एखाद्या वणव्यानें जळलें, तरी खालची ठेव बुडत नाहीं. शिवाय चंडोल, तितर, धाविक हे पक्षी उघड्या भूमीवरच घरटीं करतात. त्यांस वन नको, माळ हवा. सोलापूर जिल्ह्यांत नान्नजच्या बाजूस १९७९ मध्यें माळढोकासाठीं अभयारण्य झालें. तरीही आज महाराष्ट्रांत तो पक्षी दिसला, तर ती वृत्तपत्राची बातमी होते. माळांचीं शेतें झालीं व माळांवर झाडें लागलीं, हें त्याच्या ऱ्हासाच्या कारणांपैकीं एक. जो प्राणी वनांतला, त्याच्यासाठीं अश्रु ढाळणारे पुष्कळ. माळावरच्या जिवांना मात्र त्यांचें घर मोडून त्या जागीं बाग करून देण्यांत आपण भूषण मानतों.

बीजगोळ्यांची गोष्ट याच मासल्याची. मुलांनीं माती मळावी, गोळे वळावेत, सहलीस जाऊन फेंकावेत, छायाचित्र काढावें. यांत मुलांचा आनंद खरा आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार गुरुजींबद्दल आहे. गोळ्यांत कोणतें बीं आहे, तें कोठून आलें, जेथें पडणार तेथें आधींच काय उगवत आहे, हे तीन प्रश्न किती शाळांत विचारले जातात?

पण सर्वांत जास्त सावध राहावयास पाहिजे तें बाजाराच्या बियांविषयीं. अलीकडे शहरांतील बंगल्यांभोंवतीं, वसतिगृहांच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेला 'रानफुलांची शोभा' करण्याची आवड उत्पन्न झाली आहे. आवड चांगली, साधन घातक. पाकीट फोडून जें बीं उधळलें जातें, त्यांत कॉसमॉससारखीं मेक्सिकोचीं फुलें असतात. केशरी कॉसमॉस दिसावयास देखणा. पाणी मागत नाहीं, खत मागत नाहीं, आणि दुसऱ्या वर्षीं पेरणाऱ्याची परवानगीही मागत नाहीं! तो कुंपणाबाहेर जातो आणि तेथल्या तेरड्याची व तुंब्याची जागा घेतो. झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. पण तो शेतांत राहिला, दसऱ्याला दारावर आला आणि पाहुण्यासारखा वागला. तेव्हां आमचा आक्षेप परक्या जन्मावर नाहीं, परक्याच्या घुसखोरीवर आहे. बेवारशी बियांचा इतिहास आम्हांस ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे? १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नोंदलें गेलेलें गाजरगवत आज हिंगोलीच्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला उभें आहे. तें कोणीं हौसेनें पेरलें नव्हतें, नकळत आलें. जें नकळत आलें त्यानें एवढा अनर्थ केला; मग जें हौसेनें पेरलें जातें त्याचा हिशेब कोण देणार?

येथें एक स्थानिक दाखला देतों. वसमतच्या हळदीला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, आणि साऱ्या जिल्ह्यानें तो आपला गौरव मानला. त्या मानांकनाचा अर्थ काय? एवढाच कीं, पीक आणि भूमि यांचें नातें असतें. वसमतची हळद ही दुसरीकडच्या हळदीसारखी नव्हे. तिच्यांत येथली माती, येथलें पाणी आणि येथल्या शेतकऱ्याची पिढ्यानुपिढ्यांची निवड आहे. बेणें कोठचें, हें विचारल्यावांचून वसमतचा शेतकरी सरी भरीत नाहीं. जी गोष्ट हळदीच्या बाबतींत आम्हांस इतकी स्पष्ट दिसते, ती फुलाच्या बाबतींत कां दिसूं नये? कळमनुरीच्या माळावरचा तेरडा आणि घाटमाथ्यावरचा तेरडा यांचें नांव एक असेल. पण एकाच्या बियांत मधली पंधरा दिवसांची उघडीप सोसण्याची संवय मुरलेली आहे, दुसऱ्याच्या बियांत धो-धो पावसाची. म्हणून साताऱ्याच्या कास पठारावरून बीं आणून हिंगोलीस 'छोटें कास' करण्याचें स्वप्न कोणी पाहत असेल, तर तें त्यानें सोडावें. कास हें सुमारें १,२०० मीटर उंचीवरचें जांभ्या दगडाचें पठार. २०१२ मध्यें पश्चिम घाटाबरोबर त्याचा समावेश जागतिक वारशांत झाला. तेथली 'सीतेची आसवें' ही चिमुकली किडे खाणारी वनस्पति निःसत्त्व, पाणथळ थरांत जगते. ती आमच्या कोरड्या मुरुमांत येणार नाहीं, आणि येथें आणण्यासाठीं तिला तेथून उचलणें हा तर अपराधच. कासला पाहुणा म्हणून जावें; तेथून बीं आणूं नये, बुद्धि आणावी.

यावर एक मार्मिक शंका येते: रानफुलें जर रानचीं, तर तीं आपोआप उगवतील, पेरावयाचीं कशाला? शंका योग्य आहे, आणि तिचें अर्धें उत्तर आम्हांसही मान्य आहे. जेथें माळ अभंग आहे, तेथें कांहींही पेरूं नका, कांहींही लावूं नका. तेथें तुमची सेवा म्हणजे तुमचा संयम. परंतु अकोला-नांदेड महामार्गाच्या रुंदीकरणांत डोंगराच्या ज्या कडा कापल्या गेल्या, कालव्यांच्या ज्या भरावांवर उघडी माती पडली, मुरुमाच्या ज्या खाणी अर्धवट सोडून दिल्या, तेथें मातींतील बियांची मूळची ठेवच नाहींशी झाली आहे. कित्येक रानफुलांचें बीं आईच्या पायांपाशीं पडतें. तें मैलोगणती चालून जात नाहीं. त्या उघड्या जागेवर पहिलें पाऊल गाजरगवताचें पडतें, आणि मग दुसऱ्याला जागा मिळत नाहीं. तेथें पेरणी ही चैन नसून उपचार आहे. मात्र याचा उलटा अर्थ कोणीं काढूं नये. 'येथला माळ खणूं द्या, पलीकडे आम्ही बीं पेरून देतों', असा सौदा घेऊन कोणी आला, तर तो फेंटाळला पाहिजे. मोडलेल्या हाडास फळी बांधतां येते, म्हणून कोणी हाड मोडूं देत नाहीं.

आतां कृतीविषयीं. उपदेश करून मार्ग न दाखविणें हें आम्हांस उचित वाटत नाहीं; आणि या कामीं बागाईतीची संवय आड येते, म्हणून थोडें तपशिलानें सांगतों. बीं गोळा करण्याचा काळ आश्विन-कार्तिक. एका ठिकाणचें सगळें बीं कधींही घेऊं नये. दहांतील एक भाग घ्यावा, नऊ भाग माळाचे. तेरड्याचें बोंड पिकलें कीं बोटाच्या स्पर्शानें फुटतें व बीं उडतें. म्हणून बोंड पिकण्याआधीं त्यावर मलमलीची पिशवी बांधावी. कुर्डूचे तुरे वाळले कीं कापडावर झटकले तरी पुरे. कळलावीचें बीं व कंद दोन्हीं विषारी. मुलांच्या हातीं देऊं नयेत, आणि तिचा कंद तर माळावरून उपटूंच नये. जमलेलें बीं सांवलींत वाळवून कागदी अथवा कापडी पिशवींत ठेवावें, आणि पिशवीवर गांवाचें नांव, जागा व तारीख लिहावी. ज्या पिशवीवर गांवाचें नांव नाहीं, तिच्यांतील बीं बाजाराच्या बियाइतकेंच बेवारशी समजावें.

पुष्कळांचा उत्साह मावळतो तो येथें: बीं लगेच पेरतात, तें उगवत नाहीं, आणि मग 'रानचें बीं घरीं येत नाहीं' असा निष्कर्ष काढतात. माळावरचें बहुतेक बीं कार्तिकांत पिकलें तरी त्याची झोंप पुरी झालेली नसते. तें जर दिवाळीच्या एखाद्या अवकाळी सरीनें उगवलें, तर उन्हाळ्यांत मरेल. म्हणून सृष्टीनेंच त्याला जागें होण्यास मनाई केली आहे. वैशाखाची झळ लागल्यावर ती मनाई उठते. तेव्हां बीं साध्या कोरड्या खोलींत राहूं द्यावें. उन्हाळा त्याला बाधत नाहीं, पिकवितो. शेंगवर्गीय वनस्पतींच्या बियांचें कवच कठीण असतें. तें वाळूच्या कागदावर हलकेंच घासलें तर पाणी आंत शिरतें. कुसळीच्या बियाला तर मजुराचीही गरज नाहीं: तिचें कूस दमट हवेंत पीळ सोडतें, कोरड्या हवेंत पीळ घेतें, आणि गिरमिटाप्रमाणें बीं स्वतःच जमिनींत शिरतें!

पेरणी मृगाच्या सरीआधीं, कोरड्या जमिनींत. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीं मुळासकट काढावें. खत घालूं नये, हा नियम बागवानाला पटणें कठीण. पण श्रीमंत मातींत तण व उंच गवत माजतें आणि बारीक फुलें गुदमरतात. माळाचें सौंदर्य त्याच्या दारिद्र्यांतून उगवतें. बीं बारीक वाळूंत मिसळून हातानें फेंकावें, मातीखालीं पुरूं नये. वरून पायांनीं दाबलें कीं झालें. याहूनही सोपी रीत आहे: चांगल्या माळावरचें गवत बीं पिकण्याच्या बेतास कापावें आणि त्याच गाड्या नेऊन उघड्या जागेवर पसरावें, फुलें आणि गवत दोन्हींचें बीं एकदमच झडतें. पहिल्या वर्षीं फार दिसणार नाहीं. कळलावी बियांपासून फुलावयास दोन-तीन पावसाळे घेते. जमिनीवरच्या आमरी तर पेरून येतच नाहींत. त्यांचें धुळीसारखें बीं विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावांचून रुजत नाहीं. तेव्हां जें पेरतां येत नाहीं तें राखावें, हाच त्यांतून घ्यावयाचा धडा. आणि दरवर्षीं बीं झडल्यावर गवत कापून न्यावें, अथवा गुरें फिरूं द्यावींत. कारण माळ हा धनगरांच्या मेंढरांनीं आणि तांड्यांवरच्या गाईंनीं राखलेला आहे. त्याला कायमचें कुंपण घालून चराई सर्वस्वीं बंद करणें म्हणजे त्याला उंच गवताखालीं गाडणें होय.

'हें सारें विलायती फॅड आहे', असा टोमणा आम्हांस ऐकावा लागेल. विलायतेची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरती ऐकावी. इंग्लंड व वेल्समध्यें १९३० नंतरच्या अर्धशतकांत फुलांचीं जुनीं कुरणें ९७ टक्के नाहींशीं झालीं. ज्या देशाच्या कवींनीं कुरणांचीं स्तोत्रें गायिलीं, त्या देशानें खताच्या व नांगराच्या भरांत तीं कुरणें गमावलीं. मग पश्चात्ताप झाला. आणि २०१३ मध्यें राणीच्या राज्याभिषेकाच्या साठाव्या वर्षाचें निमित्त साधून तेथें एक उपक्रम निघाला. प्रत्येक परगण्यांतील एखादें शिल्लक राहिलेलें उत्तम कुरण 'दाता' ठरवावयाचें आणि त्याचेंच बीं व गवत त्याच परगण्यांतील दुसऱ्या जागीं न्यावयाचें, हें त्याचें सूत्र. आम्हीं त्यांचें अनुकरण करावयाचें असेल तर या सूत्राचें करावें. ९७ टक्के गमावण्याचा पहिला अंक वगळून थेट दुसऱ्या अंकास आरंभ करण्याची संधि आम्हांस अद्याप आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मराठवाड्यांत शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो, कर्जानें पिचतो, त्यास फुलांचें कवतिक कसलें सांगतां? आम्ही उलट विचारतों: करडई, तीळ, सूर्यफूल, भोपळा, कारलें यांच्या फुलांवर जी मधमाशी येते, ती उरलेल्या दिवसांत काय खाऊन जगते? सोयाबीनच्या सलग शेतांत बांधही तणनाशकानें जाळून काढण्याची रीत पडली. बांधावरचा तुंबा गेला, सहदेवी गेली, आणि मग फळधारणा कां घटली म्हणून आपण औषधांच्या दुकानांत चौकशी करतों. बैलाचा चारा, मेंढराची चराई, आजीच्या भाजीची जुडी आणि मधमाशीचा शिधा हीं एकाच माळावर पिकतात. तेव्हां माळ ही श्रीमंताची शोभा नव्हे. ती गरिबाची कोठी आहे, आणि ती लुटली जात असतां गप्प बसणें हीच खरी चैन आहे.

कोणी काय करावें, हें सांगून आटोपतें घेतों. तोंडापूरचें कृषि विज्ञान केंद्र आणि परभणीचें कृषि विद्यापीठ यांनीं माळबियांचे वाफे धरावेत. जेथें ज्वारी-तुरीच्या वाणांची निगा राखली जाते, तेथें चार गुंठे विष्णुकांतेला जड नाहींत. जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनीं वाळविलेल्या नमुन्यांबरोबर जिवंत बीं गांववार सांठवावें. महामार्ग राखणाऱ्यांनीं कापलेल्या कडांवर बोगनवेल लावण्याऐवजीं शेजारच्या माळाचें गवत पसरावें. तें स्वस्तही पडेल. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो' वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारनें २०२३ मध्यें तिला २,६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांब. त्या बांधकामांत जी जमीन उघडी पडेल, तिच्यावर परदेशी हिरवळ न घालतां औंढ्याच्याच माळाचें बीं पेरलें, तर आकाशाच्या दूरच्या कोपऱ्यांतील कंप टिपणाऱ्या यंत्राशेजारीं पायांखालची भूमिही आपल्या ओळखीची राहील. आणि महसूल खात्यानें 'पडीक' हा शब्द गायरानांपुरता तरी खोडून त्या जागीं 'माळ' असा साधा, खरा शब्द लिहावा. यास पैसा लागत नाहीं, दृष्टि लागते.

राहतां राहिलीं आपण, पुस्तकें वाचणारीं पांढरपेशीं कुटुंबें. आपल्या हातीं गायरान नाहीं, पण अंगणाचा कोपरा, गच्चीवरची एखादी उथळ पेटी, सोसायटीच्या भिंतीलगतची मुरुमाची पट्टी आहे. येत्या दसऱ्यानंतर मुलांना घेऊन माळावर जावें. माळकऱ्याला, मेंढपाळाला, आजीला फुलाचें नांव विचारावें. दहांतील एक भाग बीं आणावें, पिशवीवर गांव लिहावा, आणि मृगापर्यंत धीर धरावा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असें आपण चंचल माणसाला हिणवून म्हणतों. पण तो तीन दिवसांचा रंग पुढच्या वर्षीं त्याच जागीं पुन्हा येण्यासाठीं त्याचें बीं आठ महिने कोरड्या मुरुमांत निमूटपणें वाट पाहतें. तेवढा धीर ज्याला नाहीं, त्यानें चंचलतेचा दोष तेरड्याला देऊं नये.